ऑनलाइन फसवणूक: पैसे जाण्याआधी आणि गेल्यावर. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खात्यातून पैसे आत्ताच गेले असतील तर हे पान शेवटपर्यंत वाचत बसू नका. आधी १९३० ला फोन लावा, मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

पैसे आत्ताच गेलेत. सगळ्यात आधी काय करू?

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोन लावताना हाताशी एवढी माहिती असू द्या: तुमच्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, पैसे गेल्याची तारीख आणि वेळ, रक्कम, आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असतो. ॲपच्या इतिहासात तो व्यवहार उघडला की 'यूटीआर' या नावाने दिसतो. काही ॲप स्वतःचाही एक लांबलचक क्रमांक दाखवतात, अक्षराने सुरू होणारा. तो नव्हे, बारा अंकी द्या. चार वेळा पैसे गेले असतील तर चारही क्रमांक द्या, कारण ज्याचा क्रमांक दिला त्याच रकमेचा माग निघतो.

इतकी घाई का, ते समजून घ्या. भामटा पैसे स्वतःच्या खात्यात घेतच नाही. ते आधी कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात उतरतात, तिथून तुकडे होऊन अनेक खात्यांत पसरतात, आणि शेवटी एटीएममधून रोख किंवा क्रिप्टो बनून बाहेर पडतात. १९३० वर नोंद झाली की ती पहिल्या खात्याच्या बँकेपर्यंत जाते. पैसे अजून तिथेच असतील तर बँक ते रोखून धरते, याला 'होल्ड' म्हणतात. पुढे सरकले असतील तर कुठल्या बँकेत गेले ते नोंदवते, आणि मग पाठलाग त्या बँकेकडून सुरू होतो. रोख काढली गेली की पाठलाग संपला. म्हणून 'आधी जरा घरात विचारतो', 'उद्या सकाळी बँक उघडली की जातो' यात जो वेळ जातो, तोच भामट्याला हवा असतो.

तुम्ही १९३० वर बोलत असताना घरातल्या दुसऱ्या कुणालातरी दुसऱ्या फोनवरून बँकेचा क्रमांक लावायला सांगा. तो कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा, आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक लिहून घ्या. १९३० व्यस्त असेल तर थांबू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर आर्थिक फसवणुकीच्या विभागात थेट तक्रार नोंदवता येते. फोनवर तक्रार घेतली गेली असेल, तरी मिळालेला पोच क्रमांक वापरून २४ तासांच्या आत संकेतस्थळावर पूर्ण तक्रार भरा. अर्धवट राहिलेल्या तक्रारी इथेच अडकतात.

पोलीस ठाण्यात जावं लागतं का? 'ही आमची हद्द नाही' असं सांगितलं तर?

रक्कम मोठी असेल तर जाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुणाच्या हद्दीत घडला हे त्या वेळी आड येत नाही. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. सोबत बँकेचं स्टेटमेंट, चॅटचे आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट, समोरच्याचे नंबर आणि खाते क्रमांक यांच्या छापील प्रती न्या. भामट्याचं चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका. त्याला ब्लॉक केलंत तरी चालेल, पण चॅट राहू द्या.

बँक पैसे परत देते का?

हा प्रश्न एका गोष्टीवर ठरतो: व्यवहार तुम्ही केला, की तुमच्या नकळत झाला?

तुमच्या नकळत झाला असेल तर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तुमच्या बाजूने आहे. चूक बँकेची असेल तर तुमच्यावर काहीच भार नाही, मग कळवायला उशीर झाला तरीही. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी घोळ झाला, अशा वेळी दिवस मोजले जातात. बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यासाठी तुमचा भार जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत बचत खात्यासाठी ५,०००. सात दिवसांनंतर बँकेचं धोरण जे म्हणेल ते. संदेश मिळाला तो दिवस आणि सुट्ट्या यात धरत नाहीत. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा, असंही त्यात आहे.

तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला किंवा पिन दिला असेल, तर तो तुमचा निष्काळजीपणा धरला जातो आणि कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, हे वाक्य लक्षात ठेवा. अनेक शाखांमध्ये 'ओटीपी दिलात ना, मग आता काही होणार नाही' एवढं सांगून माणसाला परत पाठवतात. तसं ऐकून परतू नका. तक्रार लेखी द्या, वेळेसकट पोच घ्या. पुढचे व्यवहार त्या पोचेवरच तोलले जातात.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार ऑनलाइन आणि मोफत आहे, वकील लागत नाही. फार लोकांना माहीत नसलेला आणखी एक दरवाजा आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे पाच कोटींपर्यंतचा भरपाईचा दावा करता येतो, अशा दाव्यांचे न्यायनिर्णय अधिकारी तेच असतात. बँकेची सुरक्षा ढिली होती असं दाखवता येत असेल तर याचा जरूर विचार करा.

'होल्ड' झालेले पैसे आपोआप परत येतात का?

बहुतेक वेळा नाही. पैसे दुसऱ्याच्या खात्यात गोठलेले असतात, आणि ते सोडवायला बऱ्याचदा न्यायालयाचा आदेश लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. तक्रारीची प्रत, स्टेटमेंट आणि कुठल्या खात्यात किती रक्कम रोखली आहे याचा तपशील सोबत लागतो. तो तपशील तपास अधिकाऱ्याकडून मागून घ्या. तुम्ही मागितला नाहीत तर फाईल पडून राहण्याची शक्यताच जास्त.

सीबीआयमधून व्हिडिओ कॉल आलाय, 'डिजिटल अरेस्ट' केलंय म्हणतात. खरं असू शकतं?

नाही. भारतातल्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अटक नाही. फोन ठेवा. ठेवल्यावर काहीही होत नाही, हे आम्ही जबाबदारीने सांगतो.

हा प्रकार कसा रचतात ते नीट बघा, म्हणजे पहिल्या मिनिटालाच ओळखाल. सुरुवात रेकॉर्ड केलेल्या आवाजाने होते: 'तुमचा मोबाईल नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी नऊ दाबा.' किंवा कुरिअरवाला म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ आणि पासपोर्ट सापडले. तुम्ही 'पार्सल माझं नाही' म्हणता. तो सहानुभूतीने म्हणतो, 'मग तुमच्या आधारचा गैरवापर झालाय, तक्रार करा, मी मुंबई पोलिसांना जोडून देतो.' इथे तो तुमच्या बाजूचा होतो, आणि माणूस इथेच फसतो. पुढे व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे पोलिसांचं बोधचिन्ह, वायरलेसचे आवाज. तुमच्या आधारवर खातं उघडून मनी लाँडरिंग झालंय असं तो सांगतो. मग सर्वोच्च न्यायालयाच्या शिक्क्याचं पत्र येतं आणि तीन अटी घातल्या जातात: कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. शेवटी 'तपासणीसाठी' सगळे पैसे एका 'सरकारी' खात्यात पाठवायचे, निर्दोष ठरलात की परत मिळतील. मुदत ठेव मोडताना बँकेत कुणी विचारलं तर 'मुलाच्या शिक्षणासाठी' असं सांगायचं, हेही पढवून ठेवतात.

आता कायदा काय म्हणतो. अटक झाली तर नातेवाइकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, 'कुणाला सांगू नका' याच्या अगदी उलट. २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. चौकशीसाठी हजर राहण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि तपासासाठी कुणाचे पैसे स्वतःकडे मागवून घेणारी यंत्रणा या देशात नाही. हे गुन्हे इतके वाढले की डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

शेजारी किंवा नातेवाईक दोन दिवस खोलीतून बाहेर येत नाहीत, फोन उचलून तुटक बोलतात, अचानक ठेव मोडायला निघालेत, असं दिसलं तर दार वाजवा. आत जा आणि कॉल तुम्ही स्वतः बंद करा. आत अडकलेल्या माणसाला त्या क्षणी समजावून सांगून उपयोग होत नाही, तो घाबरलेला असतो. पैसे आरटीजीएसने, म्हणजे बँकेतून मोठी रक्कम पाठवण्याच्या पद्धतीने, गेले असतील तर त्याच वेळी १९३० आणि बँकेची शाखा, दोन्हीकडे कळवा.

'आज रात्री ९:३० वाजता वीज तोडली जाईल' असा मेसेज आलाय.

तो भामट्याचा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज मेसेज आणि आज रात्री अंधार, असं होत नाही.

मेसेज कुठून आला तेही बघा. महावितरण, बँका, सरकारी खाती यांचे संदेश दहा अंकी मोबाईल नंबरवरून येत नाहीत, अक्षरांच्या नावाने येतात. मे २०२५ पासून या नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बिलाबद्दल खरंच शंका असेल तर महावितरणच्या १९१२ वर विचारा किंवा त्यांच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून बघा. मेसेजमधल्या नंबरवर मात्र फोन करू नका. तिथला 'अधिकारी' दहा रुपये भरायला लावतो आणि त्यासाठी एक ॲप घ्यायला सांगतो. पैसे त्या दहा रुपयांनी जात नाहीत, ॲपने जातात.

एपीके फाईल म्हणजे काय? 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका' उघडल्यावर नेमकं काय होतं?

एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवण्याची फाईल. प्ले स्टोअरवरून ॲप घेता तेव्हा ही फाईल तुम्हाला दिसत नाही. व्हॉट्सॲपवर आली तर कुणीतरी तपासणी टाळून थेट तुमच्या फोनमध्ये ॲप घालू पाहतोय. पत्रिका ही पीडीएफ, फोटो किंवा व्हिडिओ असते. चलान हे संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बघायचं असतं. फाईलच्या नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' दिसलं की विषय संपला, मग ती सख्ख्या मामांकडून आलेली असो. मामांचा फोन आधीच भामट्याच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना ती फाईल आपोआप जात असते.

बसवल्यावर ते ॲप एसएमएस वाचण्याची आणि बऱ्याचदा 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतं. पहिलीने ओटीपी परस्पर भामट्याकडे जातात. दुसरीने त्याला पडद्यावरचं सगळं दिसतं आणि बटणंही दाबता येतात. काही ॲप स्वतःचं चिन्ह लपवतात, त्यामुळे 'काही उघडलंच नाही' असं वाटून माणूस निर्धास्त राहतो.

बसवून झालं असेल तर हा क्रम ठेवा.

१. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना बघा, सिम काढा.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर १९३०.
३. सिम एखाद्या साध्या, बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे संदेश तुम्हालाच येतील.
४. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.
५. फोन फॅक्टरी रीसेट करा. मोठी रक्कम गेली असेल तर आधी पोलिसांना विचारा, तो फोनच पुरावा आहे.

नुसतं ॲप काढून टाकून भागतं असं धरून चालू नका.

पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागतो का?

कधीच नाही. यूपीआयचा पिन फक्त पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना लागतो. 'क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील' म्हणणारा तुमच्याकडून पैसे काढतोय. जुना सोफा विकायला जाहिरात दिली की सैन्यातला आहे म्हणून सांगणारा, भाव न करणारा गिऱ्हाईक येतो, तो हाच. एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे मागण्याची 'कलेक्ट' विनंतीची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे आता जोर क्यूआर आणि लिंकवर आहे.

'तुमच्या खात्यात चुकून पैसे गेले, परत पाठवा' असा फोन आला तर?

एसएमएसवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. बहुतेक वेळा जमा झालेलं काहीच नसतं, जमा झाल्याचा खोटा संदेश तेवढा असतो. खरोखर जमा झाले असतील तरीही स्वतः परत पाठवू नका. शाखेला लेखी कळवा, ज्या खात्यातून आले तिथेच बँक परतवेल. कारण ते पैसे दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाचे असू शकतात, आणि तुम्ही ते तिसऱ्याच नंबरवर पाठवलेत की साखळीतली एक कडी तुम्ही होता.

शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये लोक रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात. सगळेच खोटे कसे असतील?

असतात. शंभरजणांच्या ग्रुपमध्ये तुम्ही आणि तुमच्यासारखे दोन-चार सोडले तर बाकीचे त्यांचेच. ॲपही त्यांचंच, त्यामुळे पडद्यावर नफा हवा तेवढा दाखवता येतो. सुरुवातीला पाच-दहा हजार काढूही देतात, म्हणजे पुढे लाखांनी भरले जातात. मोठी रक्कम काढायला गेलात की 'आधी २० टक्के कर भरा'. खरा ब्रोकर तुमचेच पैसे तुम्हाला देण्यासाठी वेगळा कर भरून घेत नाही.

तपासायची सोपी कसोटी सांगतो. तुम्ही घेतलेला शेअर खरा असेल तर तो तुमच्या डीमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात असतो, आणि डीमॅट एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे असतं. त्यांच्याकडून ईमेलवर येणाऱ्या एकत्रित विवरणात तो शेअर दिसला पाहिजे. तिथे नाही म्हणजे तो कुठेच नाही. आयपीओचंही, म्हणजे कंपनी पहिल्यांदा शेअर विकायला काढते त्याचंही, तसंच: खऱ्या अर्जात पैसे तुमच्याच खात्यात अडकून राहतात, वाटप झालं तरच जातात. ॲपमध्ये पैसे भरून 'हमखास वाटप' ही थाप आहे.

पैसे कुठल्या नावाने जातायत तेही बघा. 'अमुक ट्रेडर्स', 'तमुक एंटरप्रायझेस', दर वेळी वेगळं खातं, हे फसवणुकीचं पक्कं लक्षण आहे. सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाकडे नोंदणी असलेल्या ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून 'व्हॅलिड' हा शब्द असलेले खास यूपीआय पत्ते आले आहेत. ते टाकले की हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. 'सेबी चेक' या सोयीतून बँक खातंही पडताळता येतं. नोंदणी क्रमांक नुसता दाखवला म्हणून भुलू नका, तो दुसऱ्याचा चोरलेला असतो. सेबीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकापुढचा पत्ता आणि फोन जुळतो का ते बघा.

घरबसल्या रेटिंग देण्याचं काम खरं असतं का?

नाही. पहिल्या दिवशी शंभर-दोनशे रुपये खरंच देतात, तो खर्च त्यांनी धरलेलाच असतो. मग टेलिग्रामवर 'प्रीपेड टास्क' येतो: आधी भरा, जास्त परत घ्या. तुमची रक्कम पडद्यावर वाढत जाते, पण काढायला गेलात की 'एक टास्क चुकला, सगळ्यांचे पैसे अडकलेत, अजून भरा'. नोकरीसाठी पैसे भरायला सांगितले, इथेच थांबा. आधीचे बुडू नयेत म्हणून आणखी भरायचे नाहीत. ते गेलेले आहेत, वरचे तरी वाचवा.

लिंक खरी की खोटी, कशी ओळखू?

पत्ता डावीकडून वाचू नका. 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरप्या रेघांनंतर पुढची तिरपी रेघ शोधा, आणि तिच्या लगेच डावीकडचा भाग वाचा. मालक तिथे लिहिलेला असतो. बँकेचं नाव सुरुवातीला असेल पण त्या रेघेआधी शेवटी 'केवायसी-अपडेट डॉट टॉप' असेल, तर ती जागा 'केवायसी-अपडेट'वाल्याची आहे, बँकेची नाही. कुलूपाचं चिन्ह फक्त जोडणी सांकेतिक आहे एवढंच सांगतं. चोरालाही ते फुकट मिळतं.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा शेवट ठरवला आहे, बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. सरकारी योजनांचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन'. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवायच्या वेळी हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट निघाल्या. नवी योजना जाहीर झाली की आठवड्याभरात तिची नक्कल येते असंच धरा, आणि शोधयंत्रावरच्या पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. कस्टमर केअरचा नंबरही तिथून घेऊ नका. तो कार्ड, बिल किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या.

कुरिअरवाल्याने *२१* आणि एक नंबर डायल करायला सांगितला. केला. आता?

तुमचे कॉल त्या नंबरवर वळवले गेले असतील. काही ओटीपी फोन करून ऐकवले जातात, ते आता त्याला ऐकू येतील, आणि त्यातून तुमचं व्हॉट्सॲप जाऊ शकतं. *#२१# डायल करून स्थिती बघा, ##००२# डायल करून सगळं वळवणं बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून सहा अंकी पिन ठेवा.

फोनचं नेटवर्क कारण नसताना तासभर गेलं आणि घरातल्या इतरांचं चालू आहे, तर तुमच्या नावाने दुसरं सिम निघालंय का ते कंपनीकडे लगेच विचारा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी असेल ती तिथूनच 'माझी नाही' म्हणून कळवता येते.

ओटीपी आला नाही, फोन आला नाही, तरी आधारवरून पैसे गेले. हे कसं?

आधारच्या आधारे पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा पुरतो. ठसा कागदावरून उचलून त्याची रबरी नक्कल केल्याची प्रकरणं वेगवेगळ्या राज्यांत झाली आहेत, जमिनीच्या दस्तांवरच्या अंगठ्यांपासूनसुद्धा. उपाय म्हणजे एमआधार ॲपमधून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करणं. एक अडचण आधीच सांगतो: लॉक असेल तर रेशन दुकानावर अंगठा लागणार नाही. त्या दिवशी ॲपमधून तात्पुरतं उघडायचं. घरातल्या आजीचं आधार लॉक कराल तर रेशन आणायला कोण जातं हे आधी ठरवा.

मित्राला खातं वापरायला दिलं, महिन्याला काही हजार मिळतात. यात काय धोका?

तुरुंगाचा. चोरीचे पैसे उतरवायला लागतात ती हीच खाती, आणि पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते खातेदाराकडे, म्हणजे तुमच्याकडे. कॉलेजच्या मुलांना खास यासाठी गाठतात: पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम द्या, बाकी काही करायचं नाही. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दिलं असेल तर आजच शाखेत जाऊन खातं बंद करायला लेखी अर्ज द्या आणि वकिलाच्या सल्ल्याने पोलिसांना स्वतःहून सांगा.

आम्ही परदेशात राहतो. भारतीय दूतावासातून पासपोर्टबद्दल फोन आला.

दूतावास फोनवर पैसे किंवा कार्डाची माहिती मागत नाही. फोनवर दिसणारा क्रमांक खोटा दाखवता येतो, त्यामुळे तो खरा वाटला तरी ठेवा आणि दूतावासाच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर स्वतः विचारा. भारतातल्या खात्यातून पैसे गेले असतील तर तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर भरा आणि बँकेला ईमेलने कळवा, वेळेची नोंद राहते.

कुणीतरी म्हणतं, 'फी द्या, गेलेले पैसे सोडवून देतो.'

ही दुसरी चोरी. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि तेच किंवा त्यांचे जोडीदार 'सायबर तज्ज्ञ' किंवा 'वकील' म्हणून परत येतात. १९३०, संकेतस्थळ, लोकपाल, कशालाही फी नाही.

पैसे गेले नाहीत, नुसता फोन आला. कुठे कळवू?

संचार साथीवरच्या 'चक्षू' सोयीत. नंबर, वेळ आणि स्क्रीनशॉट टाका, दोन-तीन मिनिटं लागतात.

आई-बाबांचा फोन सुरक्षित कसा करू?

एक रविवार काढा, शेजारी बसा आणि हे करा. व्हॉट्सॲपच्या गोपनीयता विभागात अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू करा, आणि ग्रुपमध्ये घेण्याची मुभा फक्त ओळखीच्यांना ठेवा. फाईली आपोआप उतरणं बंद करा. फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप बसवणे' व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाईल्स तिघांसाठी बंद आहे ना ते बघा. प्ले स्टोअरमधली ॲप तपासणारी 'प्ले प्रोटेक्ट' ही सोय चालू ठेवा. पडदा दुसऱ्याला दाखवणारं एनीडेस्कसारखं ॲप असेल तर काढा.

मग पैशांची मांडणी बदला, सेटिंगपेक्षा याचा उपयोग मोठा आहे. निवृत्तीची ठेव एका बँकेत, तिथे नेट बँकिंग आणि यूपीआय नको. रोजच्या खर्चाचं खातं दुसऱ्या बँकेत, त्यात महिन्याला लागेल तेवढंच. यूपीआय याच खात्याला जोडा आणि दिवसाची मर्यादा कमी करा. कार्डाचे परदेशी व्यवहार ॲपमधून बंद करा.

एक घरचा शब्द ठरवा. नातवाच्या आवाजात 'अपघात झालाय, पैसे पाठव' असा फोन आला तर तो शब्द विचारायचा. आवाजाची नक्कल आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरून होते. शब्द आला नाही तर फोन ठेवून नातवाच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा.

आणि त्यांना हे आधीच सांगून ठेवा की काही झालं तर कुणीही रागावणार नाही. 'मुलगा काय म्हणेल' या भीतीने लोक दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. एका कागदावर ठसठशीत अक्षरात १९३०, बँकेचा क्रमांक आणि तुमचा नंबर लिहून फोन चार्ज करायच्या जागेवर भिंतीला चिकटवा.